डाव्या हाताचा काजटाका

आठवीत असताना शिवणाच्या बाईंनी माझा रुमाल सगळ्या वर्गासमोर उचलून धरला आणि विचारलं, "हे काय आहे?"

मी म्हटलं, "धावदोरा."

"धावलाय खरा," बाई म्हणाल्या. "कुठं निघाला होता, तेवढं त्याला ठाऊक नव्हतं."

वर्ग हसला. मीही हसले, कारण न हसून काय करणार. पण शाळेपासून आमच्या गावापर्यंतचे दोन मैल मी तो राग चघळत आणला. शिवण हा विषय ज्यानं काढला असेल त्याच्या नावानं बोटं मोडत मी उसाच्या कडेकडेनं चालत होते. माझ्या उजव्या हाताला वळण नव्हतं हे खरंच होतं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. भाकरी थापली की एका बाजूनं पळायची. रांगोळीचे ठिपके काढायला बसले तर आई म्हणायची, "तू पाणी आण, रांगोळी मी काढते." तरी चारचौघींत कुणी बोललं की मला सोसायचं नाही. मुळात माझा राग नाकाच्या शेंड्यावर, आणि तो आजही तिथंच आहे.

बाई सांगलीच्या. शाळेजवळच एक खोली घेऊन राहायच्या आणि दर शनिवारी दुपारच्या एसटीनं सांगलीला जायच्या. कुठलंही काम हातात दिलं की त्या आधी ते उलटं करायच्या. मागच्या बाजूला दोऱ्याच्या गाठी दिसल्या, एका फुलावरून दुसऱ्या फुलावर उडी मारलेला दोरा दिसला, की पुढची बाजू बघायच्याच नाहीत. कौतुक म्हणून त्यांच्याकडं एकच वाक्य होतं, "मागची बाजू स्वच्छ आहे." ते वाक्य आमच्या वर्गात तोवर दोघींना मिळालं होतं.

त्या वर्षी त्यांनी सगळ्या मुलींना उशीचा अभ्रा करायला सांगितला. साधा मांजरपाटाचा अभ्रा, पण त्याच्या तोंडाला काठभर कंगोरे. कंगोरे म्हणजे कापडाच्या कडेला अर्ध्या बांगडीच्या आकाराची नक्षी. आधी बांगडी ठेवून पेन्सिलीनं आखायची, आखलेल्या रेघेवर काजटाका घालायचा, म्हणजे शर्टाच्या काजाला घालतात तोच टाका, पण इतका जवळजवळ की मधून कापड दिसता कामा नये. सगळं भरून झालं की बाहेरचं उरलेलं कापड टाक्याला अगदी लागून कापायचं. टाका घट्ट असला तर कंगोरा नीट मोकळा होतो. सैल असला तर कात्रीबरोबर टाकाही जातो आणि दोन महिन्यांचं काम हातात सुटून येतं.

चांगले चार अभ्रे सांगलीच्या प्रदर्शनाला जाणार होते. आदल्या वर्षी एका मुलीनं शिंप्याच्या बायकोकडून काम करून आणलं होतं आणि ते उघडकीला आलं होतं, त्यामुळं बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "ज्या मुलीनं काम दुसऱ्याकडून करून आणलं तिला शून्य मिळेल. आणि तिच्या वडिलांना मी इथं, या वर्गात, बोलावून घेईन."

शून्याचं मला काही वाटलं नाही. शिवणात मला आजवर जे मिळालं होतं ते शून्याच्या शेजारीच होतं. पण वडिलांना वर्गात, हे मला चालणार नव्हतं.

माझे वडील, मी त्यांना आबा म्हणायचे, मिलिटरीत होते. आमच्या गावात दर तिसऱ्या घरातला एक माणूस मिलिटरीत, तेव्हा त्यात विशेष काही नाही. विशेष होतं ते त्यांचं परत येणं. आदल्या दिवाळीच्या आधी ते कायमचे घरी आले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताला फक्त अंगठा होता. चार बोटं मुळापासून गेली होती. सरहद्दीवर सामान उतरवताना ट्रकचा मागचा फाळका निसटला आणि हातावर पडला, एवढंच. गावाला मात्र एवढ्यानं भागणार नव्हतं. ते पहिल्यांदा पारावर गेले तेव्हा लोकांनी जागा करून दिली, चहा मागवला आणि विचारलं, "गोळी का बाँब?" आबांनी खरं ते सांगितलं. त्यावर कुणीतरी म्हणालं, "एवढ्यासाठी लांब कशाला गेलास रं गड्या, आपल्या उसाच्या ट्रकालाबी फाळका हाय की." म्हणणाऱ्यानं गंमत म्हणून म्हटलं असेल. आबा चहा पिऊन घरी आले आणि पुन्हा पारावर गेले नाहीत. शेताकडं जायचे तेही मागच्या वाटेनं, उजव्या हातावर टॉवेल टाकून.

त्या हाताची खबर आमच्या घरी कशी आली तेही सांगायला हवं. आबांचं दर महिन्याला एक आंतरदेशीय पत्र यायचं. आईला वाचता येत नव्हतं, वाचायची मी. पण पत्र आधी आई हातात घ्यायची आणि पाठवणाऱ्याच्या नावाची ओळ बघायची. आबांना एक सवय होती. नाव लिहून झालं की ते वरची रेघ शेवटच्या अक्षराच्या पुढं ओढायचे आणि टोकाला खाली वळवायचे, वासराच्या शेपटीसारखी. आई ती शेपटी बघायची, "आलं शेपटीचं," म्हणायची आणि मग पत्र माझ्याकडं द्यायची. एका दुपारी पत्र आलं आणि त्याला शेपटी नव्हती. मी ते अजून उघडलंही नव्हतं. आई ओट्यावर खाली बसली आणि म्हणाली, "ह्ये त्यांचं न्हाई." आत लिहिलं होतं की किरकोळ लागलं आहे, काळजी करू नये. ते आबांच्या एका सोबत्यानं लिहिलं होतं. आईनं ते ऐकून घेतलं आणि पत्र माझ्या हातातून घेऊन ती नावाची ओळ पुन्हा बघितली.

घरी आल्यावर आबांनी पेनाला हात लावला नाही. सातवी पास झालेला माणूस, पलटणीतले लोक ज्याच्याकडून घरची पत्रं लिहून घ्यायचे असा माणूस, माझ्या प्रगतिपुस्तकावर सहीच्या जागी डाव्या हाताचा अंगठा उठवायचा. मी दौतीतली शाई बोटानं त्यांच्या अंगठ्याला लावायची, ते तोंड दुसरीकडं करून अंगठा दाबायचे. माझ्या बाकावरच्या मुलीनं तो अंगठा पाहिला आणि विचारलं, "तुझं वडील अडाणी हायत व्हय गं?"

मी "व्हय" म्हटलं. हाताचं सांगण्यापेक्षा ते सोपं वाटलं. पण मला त्याची लाज वाटली, आणि त्या मुलीचा राग आला, आणि थोडा आबांचाही आला.

तर अभ्रा. बाईंनी काजटाका वर्गात एका तासात शिकवला. मी घरी सोप्यात बसून करायला लागले आणि चौथ्याच टाक्याला दोऱ्याची गाठ झाली. सोडवली, पुन्हा झाली. तिसऱ्यांदा झाली तेव्हा मी कापड सुईसकट फेकून दिलं. ते आबांच्या पायाशी जाऊन पडलं. त्यांनी ते उचललं, टाका बघितला, पालथं करून मागची बाजूही बघितली आणि माझ्याकडं परत दिलं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा आई शेतात होती. आबांनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि दाराला कडी घातली. मग त्यांची ती काळी ट्रंक उघडली आणि तळातून एक पांढरं कापड काढून माझ्यापुढं टाकलं. कापडाच्या कडेनं निळ्या दोऱ्याचे कंगोरे होते. एकसारखे, भरीव, मधून कापडाचा धागा दिसत नव्हता. फक्त बाहेरचं कापड कापलेलं नव्हतं. ते तसंच लोंबत होतं.

मी विचारलं, "कुणी केलं ह्ये?"

"मी," आबा म्हणाले.

मला वाटलं ते थट्टा करतायत. पण आबा थट्टा करणाऱ्यांतले नव्हते, आणि त्या वर्षी तर नव्हतेच.

पुण्याच्या मिलिटरी दवाखान्यात ते पाच महिने होते. तिथं एक केरळची सिस्टर होती. ज्यांचा एक हात गेला त्यांच्याकडून ती दुसऱ्या हाताचं काम करून घ्यायची. आधी मणी ओवायला लावले, मग लोकर, मग सुई. आबा म्हणाले, "म्या पैल्यांदा सुई फेकून दिली. तू फेकलीस तशीच. ती म्हनली, उठाओ. बास, येवढंच. पुना फेकली, पुना म्हनली, उठाओ." वॉर्डातले आठ-दहा जवान मान खाली घालून भरतकाम करत बसलेले असायचे आणि भेटायला कुणाचे नातेवाईक आले की सगळी कापडं उशीखाली जायची. आबांचं कापड पुरं झालं, पण कंगोरे कापायला दोन हात लागतात. एकानं कापड ताणून धरायचं, दुसऱ्यानं कात्री चालवायची. सिस्टर कापून देणार होती, तेवढ्यात आबांना डिस्चार्ज मिळाला. कापड तसंच घरी आलं.

"आता ऐक," आबा म्हणाले. "तुला शिकवतो. पर कुनाला सांगायचं न्हाई. गावात न्हाई, शाळेत न्हाई. बाप सुई धरून बायकांवानी बसतो म्हनून पोरांनी वाटंत गाणी म्हनायला नकोत."

मी शपथ घेतली. गळ्याला हात लावून घेतली.

पहिला आठवडा भांडणात गेला. आबा करायचे डाव्या हातानं, मी उजव्या. ते म्हणायचे दोरा इकडून घे, तर तो माझ्या बाजूनं तिकडून यायचा. ते उजवीकडून डावीकडं चालायचे, मी डावीकडून उजवीकडं, आणि मध्ये कुठंतरी दोघांचा पारा चढायचा. शेवटी आबा वैतागून म्हणाले, "तो हात ठेव बाजूला. मी करतोय तसंच कर. नक्कल कर."

मग मी नक्कल केली. कापडाचं टोक सेफ्टीपिनेनं गुडघ्यावर परकराला टाचायचं, जसं ते पायजम्याला टाचायचे. दोरा ओवायचा असला तर सुई गुडघ्यावरच्या कापडात उभी खोचायची आणि डाव्या हातानं ओवायचा. गुडघा थोडा वर केला की कापड ताणतं. सुई डाव्या हातात. आखलेल्या रेघेवर खाली घालायची, कडेला वर काढायची, दोरा सुईखालून घ्यायचा आणि ओढायच्या आधी उजव्या अंगठ्यानं तो दोरा दाबून धरायचा, म्हणजे कडेला गाठ सरळ बसते. आबांना अंगठ्याशिवाय काही नव्हतंच, तेव्हा मीही उजव्या हाताची चार बोटं मिटून मूठ करायची आणि अंगठा तेवढा बाहेर ठेवायची. ती चार बोटं उघडायची नसतात असं मला कुणी सांगितलं नव्हतं. पण उघडी ठेवली की ती मधे मधे करायची, आणि मिटली की टाका बसायचा. आबा कवायतीसारखं मोजायचे, "एक, दो, तीन." एकला सुई खाली, दोनला दोरा दाबायचा, तीनला ओढायचं.

माझ्या डाव्या हाताला काहीही येत नव्हतं. तेच बरं झालं. ज्या हाताला काहीच येत नाही त्याला कसं शिकवायचं हे आबांना नीट ठाऊक होतं. मी चिडले की ते रागवायचे नाहीत, फक्त म्हणायचे, "उठाओ." महिन्याभरात पाच कंगोरे झाले, आणि मग हात असा बसला की पुढच्या तीन आठवड्यांत बावीस झाले. आईला सगळं दिसत होतं. दोन खोल्यांच्या घरात काय लपणार? पण ती शेतातून आली की बाहेरूनच जरा मोठ्यानं खोकायची आणि कडी निघेपर्यंत पाय धूत बसायची.

सगळे कंगोरे भरून झाले त्या दिवशी मी औंधाच्या जत्रेतून आणलेली लहान कात्री घेतली. आबांनी डाव्या हातानं कापड ताणून धरलं आणि मी कापत गेले. पहिला कंगोरा मोकळा झाला तेव्हा आबांनी त्याची कड नखानं ओरबाडून पाहिली. एक धागा हलला नाही. "पक्का हाय," ते म्हणाले. मी म्हटलं, "तुमचंबी कापू?" त्यांनी त्यांचं कापड घडी करून ट्रंकेत ठेवलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे." मला वाईट वाटलं, पण हट्ट करावा असा त्यांचा चेहरा नव्हता.

मी अभ्रा बाईंच्या हातात दिला तेव्हा मला खरं सांगायचं तर त्यांचा सूड उगवल्यासारखं वाटत होतं. बाईंनी तो उलटा केला. बराच वेळ बघितला. आणि म्हणाल्या, "मागची बाजू स्वच्छ आहे."

मी हवेत. पण बाई अभ्रा घेऊन खिडकीशी गेल्या, चष्मा पुसला, कड बोटांमधून सरकवत शेवटपर्यंत नेली आणि परत आणली.

"तू डावरी आहेस?"

"नाही बाई."

"मग हा टाका उजवीकडून डावीकडं कसा गेलाय? प्रत्येक गाठ उलट्या अंगावर बसलीय. हे काम डावऱ्या माणसाचं आहे. तू लिहितेस उजव्या हातानं, मी रोज बघते. कुणाकडून करून घेतलंस?"

"मीच केलंय."

"शिकवलं कुणी?"

मी परकराच्या निऱ्या सारख्या करायला लागले. बाई म्हणाल्या, "ठीक आहे. सोमवारी वडिलांना घेऊन ये."

आबा पारापर्यंत जात नव्हते, ते दोन मैल चालून या वर्गात येणार, आणि तीस मुली त्यांच्या टॉवेलाकडं बघणार. आणि नाही आले तर मी खोटारडी ठरणार. नाव सांगावं तर शपथ मोडते. मग मला एक वाट दिसली आणि मी फार विचार न करता म्हणून टाकलं, "बाई, मी आत्ता करून दाखवते." करून दाखवणं म्हणजे काही सांगणं नव्हे, असं मी मनाशी ठरवलं. मी स्वतःला फार हुशार समजत होते.

बाईंनी कापडाचा तुकडा, सुई, दोरा दिला. मी शिवणाच्या तासाला अंथरलेल्या सतरंजीवर बसले. तुकडा सेफ्टीपिनेनं गुडघ्यावर परकराला टाचला. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. सुई गुडघ्यावरच्या कापडात खोचून दोरा ओवला. मग सुई डाव्या हातात घेतली, उजव्या हाताची मूठ वळली, अंगठा दोऱ्यावर ठेवला आणि तोंडातल्या तोंडात एक, दो, तीन करत टाके घालायला लागले. हसणं थांबलं. पाच टाके झाले, सात झाले. बाई माझ्यासमोर खाली बसल्या.

"ती चार बोटं मिटलीस कशाला?" त्यांनी विचारलं. "उघड ती."

मी उघडली. दोरा सुटला आणि टाका सैल पडला.

"आता मिटून कर."

मिटून केला. नीट बसला. बाई माझ्या टाक्याकडं बघत नव्हत्या, मुठीकडं बघत होत्या. माझ्या बाकावरची मुलगी, तीच, एकदम म्हणाली, "बाई, हिच्या वडलांचा हात असाच हाय. आमच्या काकांनी बघितलाय. मिलिटरीत..."

"तू गप्प बस," बाई म्हणाल्या. पण आता गप्प बसून काही उपयोग नव्हता. मी स्वतःच्या मुठीकडं पाहिलं. तो आबांचा हात होता. मी शपथ अक्षरशः पाळली होती आणि सगळ्या वर्गाला सगळं सांगून बसले होते.

बाईंनी माफी वगैरे मागितली नाही. त्यांनी अभ्र्याची घडी केली, वहीत गुण लिहिले, किती ते मी बघितलंही नाही, आणि प्रदर्शनाचा एक छापील कागद भरायला घेतला. माझं नाव, इयत्ता, वस्तूचं नाव, शाळा. शेवटच्या ओळीत होतं, शिकवणाऱ्याचे नाव व सही. ती ओळ त्यांनी मोकळी ठेवली.

"इतर मुलींच्या कागदावर इथं मी सही केलीय," त्या म्हणाल्या. "तुझ्या कागदावर कशी करू? मी शिकवलेलं नाही. सोमवारी भरून आण. त्यांना इथं यायची गरज नाही."

घरी गेल्या गेल्या मी आबांना सगळं सांगितलं. लपवून ठेवण्यात अर्थ नव्हता, संध्याकाळपर्यंत गावात कळणारच होतं. आबा म्हणाले, "मी काय सांगितलं हुतं तुला?"

"मी न्हाई सांगितलं. नुसतं करून दावलं."

त्यांनी कागदाकडं पाहिलंही नाही. आतल्या खोलीत गेले आणि कडी घातली. ते माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. जेवायला बाहेर यायचे, जेवून आत जायचे. मी रडले, मग चिडले, मग पुन्हा रडले. रविवारी शेजारच्या काकू आमच्या अंगणात आल्या आणि आवाज मुद्दाम चढवून आईला विचारायला लागल्या, "आवं, दाजी भरतकाम करत्यात म्हनं?"

आई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "करत्यात की. लय झ्याक करत्यात. तुमच्या मालकांना येतंय का?"

काकू गेल्या. आतून कडीचा आवाज झाला नाही, पण आबांनी ते ऐकलं असणार, दार काही फार जाड नव्हतं.

सोमवारी सकाळी आई उसात खुरपायला गेली. मी दप्तर भरलं, तो कागद घेतला, दौत घेतली आणि दारावर थाप मारली. आबांनी दार उघडलं. मी नेहमीसारखं बोट शाईत बुडवून त्यांचा डावा अंगठा हातात धरला. त्यांनी तो काढून घेतला.

"काय लिवलंय वाच."

मी वाचलं, "शिकवणाऱ्याचे नाव व सही."

"बाईनं ह्ये मोकळं का ठिवलं?"

"बाई म्हनल्या, मी शिकवलं न्हाई, तर मी कशी करू."

आबा खाटेवर बसले. शाळेची वेळ होत आली होती आणि ते सांगायचा मला धीर होत नव्हता. मग ते म्हणाले, "पेन दे. आन तुझी पिन दे."

त्यांनी मांडीवर माझं भूगोलाचं पुस्तक घेतलं, त्यावर कागद ठेवला आणि कागदाचं वरचं टोक सेफ्टीपिनेनं पायजम्याला टाचलं. उजव्या अंगठ्यानं खालची कड दाबली. पेन डाव्या हातात धरलं, सुई धरायचे तसंच, अगदी टोकाजवळ. आणि लिहायला लागले. एकेक अक्षराला एकेक कंगोऱ्याइतका वेळ लागत होता. दुसरं अक्षर पहिल्याहून मोठं झालं. तिसरं खाली उतरलं. एकदा पेन हातातून निसटून जमिनीवर पडलं. मी ते उचलायला वाकले नाही. मी म्हटलं, "उठाओ."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता मार बसतो. पण त्यांनी वाकून पेन उचललं, नाव पुरं केलं, त्यावर रेघ ओढली आणि ती शेवटच्या अक्षराच्या पुढं नेली. मग पिन काढली आणि कागद फुंकून वाळवला.

"जा आता. उशीर झाला तुला."

मला उशीर झालाच होता. मी वर्गात शिरून कागद बाईंपुढं धरला. त्यांनी कागद घेतला, नाव वाचलं आणि सवयीनं उलटा केला. आबांनी पेन इतकं दाबून चालवलं होतं की अक्षरं मागच्या बाजूनं उठून आली होती. बाईंनी त्यावरून एकदा बोट फिरवलं, वरच्या कडेला पिनेची दोन भोकं होती ती बघितली आणि कागद अभ्र्याला टाचून ठेवला.

प्रदर्शनात माझ्या अभ्र्याला बक्षीस मिळालं नाही. एका पोपटांच्या अभ्र्याला मिळालं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण त्या दिवसांत घरात आबा माझ्याशी बोलत होते आणि आतल्या खोलीचं दार उघडं राहायला लागलं होतं, त्यामुळं पोपटांना मी माफ केलं. आईला त्या सहीचं कुणीच काही सांगितलं नव्हतं. आबा सांगणारे नव्हते, आणि मी शपथेच्या बाबतीत एकदा तोंडावर पडलेली होते.

महिन्याभरानं बाईंनी सांगलीहून अभ्रा परत आणला. मी घरी आले तेव्हा आई ओट्यावर शेंगा फोडत होती. मी अभ्रा तिच्या मांडीवर टाकला. त्याला तो कागद अजून टाचलेला होता. आईला वाटलं, दुकानाची चिठ्ठी असेल. तिनं टाचणी काढली आणि कागद चुरगळायला हातात घेतला, तशी थांबली.

तिनं तो उन्हाकडं धरला. त्यावर बाईंचं सुबक अक्षर होतं, छापील अक्षरं होती, शिक्के होते. ती त्यातलं काही बघत नव्हती. तिचं बोट सगळ्यात खालच्या ओळीवर होतं, त्या वेड्यावाकड्या, वर-खाली झालेल्या नावाच्या शेवटाला, जिथं रेघ पुढं जाऊन खाली वळली होती.

आत आबा ट्रंक उघडून काहीतरी शोधत होते, त्याचा आवाज येत होता.

"आलं शेपटीचं," आई म्हणाली. मग पदरानं डोळे पुसले, मांडीवरच्या शेंगा सुपात ओतल्या आणि तो कागद आत नेऊन आबांच्या पत्रांच्या डब्यात ठेवला.